ज्ञापकत्व हरवलेला रोगी : अमेरिकेतील चिनी वृद्ध आणि आरोग्यसेवा

चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी रोग्याच्या ठायी चार गुण अपेक्षिले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच हे पाठ केले आणि परीक्षेनंतर बाजूस ठेवले. ज्ञापकत्व म्हणजे आपणांस काय होते आहे हे वैद्यास नीट सांगता येणे. व्यवहारात या गुणाची आपण फारशी दखल घेत नाही, कारण आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आपल्याच भाषेत बोलतो. ‘पोटात गुबारा धरतो’, ‘टाचा ठणकतात’, ‘जीव घाबराघुबरा होतो’ या शब्दांतच अर्धे निदान होऊन जाते. हाच रुग्ण, त्याच बुद्धीचा व त्याच स्मृतीचा, उद्या अशा देशी गेला की जेथे त्याचा एकही शब्द वैद्यास कळत नाही, तर त्याच्या अंगचे ज्ञापकत्व एका दिवसात लोप पावते. व्याधी तीच राहते. ती सांगता मात्र येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय अमेरिकेत स्थलांतरित झालेले चिनी वृद्ध हा आहे. वैद्यांच्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, अशी पृच्छा वाचकांनी केल्यास ती योग्यच होय. त्याचे एक उत्तर असे की, या समाजाने आपल्यासोबत एक जिवंत पारंपरिक वैद्यक नेले आहे. त्यात काष्ठौषधींची दुकाने आहेत, काढे आहेत, पथ्यापथ्य आहे आणि नाडी पाहणारे चिकित्सकही आहेत. दुसरे असे की, परक्या देशातील वृद्धाला आरोग्यसेवा कशी पोहोचवावी याचे प्रयोग या समाजात शंभरहून अधिक वर्षे चालू आहेत, आणि त्यांतील काही इतके यशस्वी ठरले की पुढे सर्व अमेरिकेने ते उचलले.

कोण हे वृद्ध?

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत चिनी वंशाचे ५० लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांतील वृद्धांना एकाच मापाने मोजून चालत नाही. सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथील जुन्या चायनाटाउनमधील वृद्ध बहुतांशी दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून, विशेषतः थाइशान परिसरातून आलेले. पुरुषांनी उपाहारगृहांत आणि धुलाईच्या दुकानांत, स्त्रियांनी शिवणकामाच्या कारखान्यांत आयुष्य वेचले. त्यांतील कित्येक आजही एका खोलीत राहतात. स्वयंपाकघर आणि शौचालय मजल्यावर सर्वांचे मिळून. आपल्या गिरणगावातील चाळीची आठवण व्हावी अशी ही राहणी आहे. मात्र जिना उतरला की भाजीवाला, औषधीविक्रेता आणि कँटनी बोलणारा डॉक्टर असे सारेच हाकेच्या अंतरावर असते.

दुसरा वर्ग याहून निराळा. १९६५ च्या कायद्याने नागरिक झालेल्या मुलांना आपले आईवडील बोलावून घेण्याची वाट मोकळी करून दिली. पुढील दशकांत अभियंता व संशोधक झालेल्या मुलांमागून जे वृद्ध आले, ते सुशिक्षित आहेत. कोणी निवृत्त प्राध्यापक आहे, तर कोणी कारखान्यातील अधिकारी होता. ते राहतात उपनगरातील प्रशस्त घरात. पण मोटार चालवता येत नाही, बस जवळून जात नाही, मुलगा व सून दिवसभर कामावर आणि नातवंडे इंग्रजी बोलणारी. आयुष्यभर इतरांना शिकविणाऱ्या गृहस्थाला दूरध्वनीवरून तपासणीची वेळ ठरविता येत नाही, ही अवस्था गरिबीपेक्षा कमी जाचक नव्हे. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात मुलांकडे राहून आलेल्या आपल्या मराठी आजीआजोबांना हे चित्र परके वाटणार नाही. तिसरा वर्ग फूजियान प्रांतातून न्यूयॉर्कला आलेल्यांचा. त्यांची फूझौ बोली तर इतर चिन्यांनाही कळत नाही.

विम्याचा प्रश्न या सर्वांनाच सारखा नाही. मेडिकेअर ही ६५ वर्षांपुढील नागरिकांसाठीची शासकीय योजना. तिच्यातील रुग्णालयाचा भाग हप्त्याविना मिळण्यासाठी स्वतः किंवा जोडीदाराने सुमारे दहा वर्षे कर भरून नोकरी केलेली असावी लागते. नातवंडे सांभाळणे ही नोकरी नव्हे. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या वृद्धास सलग पाच वर्षे राहिल्यानंतर हप्ता भरून या योजनेत शिरता येते. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतही १९९६ च्या कायद्याने बहुतेक नवागतांवर पाच वर्षांची प्रतीक्षा लादली. काही राज्ये ही उणीव स्वतःच्या पैशातून भरून काढतात, काही काढत नाहीत. म्हणजे ६६ व्या वर्षी मुलाकडे आलेल्या आईची पहिली पाच वर्षे, ज्या काळात मधुमेह व रक्तदाब हाताबाहेर जाण्याचा संभव सर्वाधिक, बहुधा बॅगेतून आणलेल्या औषधांवरच निघतात.

अभीरुत्व कोठून येणार?

‘हे लोक आमच्याकडे वेळेवर येत नाहीत’ अशी तक्रार तेथील रुग्णालये पूर्वीपासून करीत आली आहेत. ते का येत नाहीत, हे इतिहासात पाहावे लागते.

१८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. तो रद्द झाला १९४३ मध्ये. या साठ वर्षांत जे आत येऊ पाहत, त्यांना १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळील एंजल बेटावर अडकवून ठेवले जाई. तेथे मलपरीक्षा होई, आणि आंत्रकृमी आढळल्यास परत पाठविले जाण्याचे भय असे. म्हणजे या समाजाची पाश्चात्त्य वैद्यकाशी पहिली भेट झाली ती उपचारासाठी नव्हे. समोरचा वैद्य आपणांस आत घेणार की हाकलणार, हे ठरविणारा तो अंमलदार होता.

त्याआधीची एक घटना तर आपल्याशी थेट जोडलेली आहे. मार्च १९०० मध्ये चायनाटाउनमध्ये प्लेगचा रुग्ण आढळला. अधिकाऱ्यांनी सारी वस्ती दोर लावून बंद केली. आतील गोऱ्यांना मात्र बाहेर पडू दिले. मे महिन्यात चिनी लोकांना सक्तीने लस टोचण्याचा घाट घातला गेला. ती लस हाफकिन यांची, म्हणजे १८९७ मध्ये आपल्या मुंबईत सिद्ध झालेली. लोकांनी दारे लावून घेतली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि केवळ चिनी वंशाच्या लोकांनाच लागू केलेली ही सक्ती व पाठोपाठ ती नाकेबंदीही न्यायालयाने रद्द ठरविली. १८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या झडत्या आणि रँडचा अंमल ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्या बंद दारांमागची मनःस्थिती वेगळी समजावून सांगावयास नको. लस वाईट नव्हती. ती घेऊन येणारा हात विश्वासाचा नव्हता.

१९०६ च्या भूकंपात व आगीत शहराचे जन्मदाखले जळाले. त्यानंतर अनेक तरुण कोणा तरी नागरिकाचे पुत्र असल्याचे कागद घेऊन आले. त्यांना ‘कागदी पुत्र’ म्हटले जाई. त्यांचे खरे आडनाव एक, कागदावरचे दुसरे. वयही कधी कधी कागदावरचेच. ती पिढी आता बहुतांशी हयात नाही, पण शासकीय छापील अर्जावर माहिती भरताना हात आखडण्याची सवय घरांतून पुढे आली. त्यात नव्या कारणांची भर पडत राहते. शासकीय मदत घेणाऱ्यास कायम परवाना नाकारण्याची कक्षा वाढविणारा नियम २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२० मध्ये लागू झाला आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला. नियम गेला, धास्ती राहिली. त्याच सुमारास, महामारीच्या काळात, आशियाई वृद्धांवर रस्त्यांत हल्ले झाले आणि कित्येकांनी तपासणीसाठीसुद्धा घराबाहेर पडणे टाळले. भित्रा रोगी म्हणून या वृद्धांकडे पाहणाऱ्या चिकित्सकाने एवढा पूर्ववृत्तान्त अवश्य घ्यावा.

दुभाषी कोण?

‘चिनी भाषेचा दुभाषी उपलब्ध आहे’ एवढ्याने काम भागत नाही. मँडरिन, कँटनी, थाइशानी, फूझौ या बोली कानाला परस्परांस दुर्बोध आहेत. थाइशानच्या आजीसमोर मँडरिनचा दुभाषी बसविणे म्हणजे कोकणातील आजीसमोर पंजाबी दुभाषी बसविण्यासारखे आहे. ती सौजन्याने मान डोलावते आणि कागदावर ‘रुग्णास समजले’ अशी नोंद होते. लिपी मात्र सर्वांची एक, तीही दोन प्रकारांत : हाँगकाँग, तैवान व जुन्या चायनाटाउनमध्ये पारंपरिक अक्षरे, तर १९५० च्या दशकानंतर मुख्य चीनमध्ये शिकलेल्यांसाठी सुलभीकृत. ज्या वृद्धेस शाळाच मिळाली नाही, तिला दोन्हींचा उपयोग नाही.

नावांचाही घोळ असतो. चिनी रीतीत आडनाव आधी येते आणि विवाहित स्त्री माहेरचेच नाव ठेवते. एकच आडनाव कँटनी उच्चारात ‘चान’ तर मँडरिनमध्ये ‘चेन’ होते. एकाच रुग्णाच्या दोन धारिका तयार होतात आणि एकीतील औषधाची ॲलर्जी दुसरीत दिसत नाही.

दुभाषी नसला की मुलगी, सून वा बारा वर्षांचा नातू पुढे बसतो. चतुष्पादांतील उपस्थाता हाच येथे वाणीही होतो, आणि तेथेच अडचण सुरू होते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, मूत्राचा अनिरोध किंवा घरात मिळणारी वागणूक या गोष्टी कोणती आजी नातवाच्या तोंडून सांगेल? उलट बाजूने, वैद्याने ‘कर्करोग’ म्हटले तर मुलगा भाषांतर करताना ‘सूज’ म्हणतो. त्यात कपट नाही. आईच्या मनावर आघात होऊ नये ही त्यामागची माया आहे, आणि आपल्याकडेही ‘त्यांना सांगू नका, डॉक्टर’ असे दाराबाहेर येऊन सांगणारे नातेवाईक रोज भेटतात. तरीही औषधाची मात्रा व शस्त्रक्रियेची संमती अशा गाळणीतून गेलेली नसावी.

या बाबतीत कायद्याचा पाया एका चिनी प्रकरणानेच घातला, हे विशेष. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे निकाल दिला. न कळणाऱ्या भाषेत दिलेले शिक्षण समान शिक्षण नव्हे, असा त्याचा आशय. शासकीय पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनाही पुढे हेच तत्त्व लागू झाले. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी भाषासाहाय्यासंबंधी स्वतंत्र आदेश काढला. तो मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. परंतु आदेश गेला म्हणून मूळ कायदा गेला नाही. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याखालील नियमांनी अल्पवयीन मुलास आणीबाणीखेरीज दुभाषी करण्यास मनाई केली आहे. दुभाषी प्रशिक्षित असावा, आणि त्याचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असेही ते सांगतात.

भाषा एक झाली तरी शब्दांमागचा अर्थ उरतोच. चिनी वृद्ध ‘मन उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. झोप नाही, डोके जड, छातीत कोंडल्यासारखे होते, अंगात त्राण नाही, एवढेच सांगतो. चीनमध्ये या लक्षणसमूहास ‘शेनजिंग श्वाइरुओ’ म्हणजे नाडीसंस्थेचे दौर्बल्य असे नाव रूढ होते. मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी हूनान प्रांतात असे निदान झालेल्या रुग्णांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांना विषादरोगाचे निकष लागू पडत होते. ज्या शास्त्रात शरीर व मन यांची फारकत कधी झालीच नाही, त्या शास्त्राच्या वैद्यास याचे नवल वाटू नये. पण ‘निद्रानाश’ एवढेच लिहून झोपेची गोळी देणाऱ्याच्या हातून मूळ व्याधी निसटते. अमेरिकेतील वृद्ध चिनी स्त्रियांत आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांहून अधिक असल्याचे वेळोवेळी आढळले आहे, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ नव्हे. शिकागो येथे २०११ पासून ६० वर्षांवरील ३,००० हून अधिक चिनी वृद्धांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात मुलाखती ज्या त्या वृद्धाच्या पसंतीच्या बोलीत घेतल्या गेल्या. माहिती मिळते ती अशी, प्रश्नावली टपालाने पाठवून नव्हे.

‘ऑन लोक’

समाजाने स्वतः उभारलेली व्यवस्था जुनी आहे. इतर रुग्णालयांची दारे बंद असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मंडळांनी १९०० साली ‘तुंग वाह’ दवाखाना काढला. तेथे पाश्चात्त्य व चिनी अशी दोन्ही चिकित्सा मिळत असे. त्यातूनच १९२५ मध्ये ‘चायनीज हॉस्पिटल’ उभे राहिले. त्याची नवी इमारत २०१६ मध्ये सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क, बोस्टन, ओकलंड येथे स्वयंसेवकांच्या पुढाकाराने आरोग्यकेंद्रे निघाली. पण वृद्धांच्या दृष्टीने खरे पाऊल पडले ते ‘ऑन लोक’ या संस्थेमुळे. कँटनी भाषेत या नावाचा अर्थ शांत व सुखी असा आहे.

१९७१ मध्ये चायनाटाउन व नॉर्थ बीच भागातील वृद्धांची काळजी घेण्यासाठी ही संस्था स्थापन झाली. विल्यम गी हे सार्वजनिक आरोग्यसेवेतील दंतवैद्य आणि मारी-लुईस आन्साक या समाजकार्यकर्त्या तिच्या आरंभकांपैकी. प्रथम कल्पना शुश्रूषागृह बांधण्याची होती. आन्साक यांनी अभ्यास केला तेव्हा दिसले की, तो खर्च झेपणारा नाही आणि ज्यांच्यासाठी बांधायचे त्यांना तेथे जाण्याची इच्छाही नाही. ज्या आईस आयुष्यभर भाताची पेज आणि गरम पाणी लागले, तिला बर्फ घातलेले पाणी आणि अनोळखी अन्न देणाऱ्या घरात नेऊन ठेवणे मुलांना पटत नव्हते. सात्म्याचा विचार आपण औषधापुरता करतो. येथे तो इमारतीलाही लागू पडला. मग ब्रिटनमधील दिवसापुरत्या रुग्णालयांचा नमुना समोर ठेवून १९७३ मध्ये दिवसाचे केंद्र सुरू झाले. सकाळी गाडी वृद्धास घरून आणते. तेथे तपासणी, व्यायाम, स्नान, औषध, गप्पा आणि परिचयाचे जेवण होते. संध्याकाळी तो आपल्या खोलीत परततो.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी वैद्यांनी बारकाईने पाहाव्यात अशा आहेत. पहिली, निर्णय एकट्या डॉक्टरचा नसतो. परिचारिका, आहारतज्ज्ञ, व्यायामोपचारक, समाजकार्यकर्ता, घरी मदतीस जाणारी बाई आणि गाडीचा चालक हे सर्व एकत्र बसतात. आजीला पायऱ्या उतरण्यास आज दुप्पट वेळ लागला, हे चालकास डॉक्टरच्या आधी कळते. दुसरी गोष्ट पैशाची. १९८३ पासून संस्थेला प्रत्येक वृद्धामागे मेडिकेअर व मेडिकेडकडून ठरावीक मासिक रक्कम मिळू लागली. तो रुग्णालयात गेला तरी खर्च संस्थेचाच. साहजिकच पडण्यापूर्वी जिन्याला कठडा बसविणे हे संस्थेच्या हिताचे झाले. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे तत्त्व उपदेशापेक्षा हिशेबाच्या वहीतून अधिक लवकर अमलात येते, असे म्हणण्याचा मोह होतो. हाच नमुना पुढे ‘पेस’ या नावाने १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरचा कायम भाग झाला आणि आज ३० हून अधिक राज्यांत चालू आहे.

याला मर्यादाही आहेत. वय ५५ पूर्ण, शुश्रूषागृहात ठेवण्याइतकी दुर्बलता आणि केंद्राच्या परिसरात वास्तव्य या अटी आहेत. स्वतःचा जुना डॉक्टर सोडावा लागतो. ज्याच्याकडे मेडिकेड नाही, त्यास त्या हिश्शाची मोठी रक्कम पदरची भरावी लागते. अतिगरीब आणि अतिश्रीमंत यांच्यामधला वृद्ध येथेही बाहेरच राहतो.

दोन औषधपेट्या

आता आपल्या व्यवसायाच्या सर्वाधिक निकटचा भाग. चायनाटाउनमधील औषधीच्या दुकानात भिंतभर लहान लहान खणांचे कपाट असते. विक्रेता तराजूत वनस्पती तोलून कागदाच्या पुड्या बांधतो. वृद्धाचे पहिले दार हेच. त्याच वृद्धाच्या घरी दुसऱ्या पेटीत रक्त पातळ करणारी वॉरफरिन, रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे असतात. या दोन पेट्यांची परस्परांस ओळख नसते. दानशेन व दांगग्वी या नित्य वापराच्या वनस्पती वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतात. गानत्साओ म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाच्याच कुळातील मूळ. ते अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषध किंवा डिगॉक्सिन चालू असलेल्या वृद्धात हे प्राणावर बेतू शकते.

वृद्ध हे डॉक्टरपासून लपवितो असे म्हणणे अन्यायाचे आहे. दांगग्वी घालून शिजविलेले कोंबडीचे सूप हे त्याच्या लेखी औषधच नव्हे, ते जेवण आहे. ‘तुम्ही कोणती औषधे घेता?’ या प्रश्नास तो प्रामाणिकपणे ‘एवढीच’ म्हणून गोळ्या दाखवितो. ‘सूप कशाचे करता? काढा कोणता पिता?’ असे विचारले की सर्व यादी बाहेर येते. शिवाय पूर्वी कधी खरे सांगितल्यावर डॉक्टर रागावले असतील, तर पुढे कोणी सांगत नाही. निर्देशकारित्वाचेही तसेच. पाश्चात्त्य औषध ‘तीव्र’ आहे, आपल्या प्रकृतीस अर्धीच मात्रा पुरे, आणि बरे वाटताच थांबवावे, ही समजूत सर्वत्र आढळते. उष्ण-शीताचा विचार करणाऱ्या माणसाला ती अडाणीपणाची वाटत नाही. तिला उत्तर त्याच भाषेत द्यावे लागते.

औषधविक्रेत्यांसाठी कॅलिफोर्नियाने केलेला उपाय साधा आहे. २०१६ पासून तेथे रुग्णाने मागितल्यास वेष्टनावरील सेवनाच्या सूचना चिनीसह पाच भाषांत द्याव्या लागतात, आणि त्यांची प्रमाणित भाषांतरे औषधविक्रेत्यांच्या शासकीय मंडळानेच करून ठेवली आहेत. दुकानदारास भाषा येण्याची गरज नाही. तयार वाक्य छापावयाचे. न्यूयॉर्क राज्याने २०१२ मध्ये मोठ्या साखळी दुकानांवर दुभाषी व भाषांतर यांची सक्ती केली.

पारंपरिक चिकित्सेस शासकीय विम्यात स्थान मिळावे ही आपली जुनी मागणी आहे, म्हणून आणखी एक नोंद. जानेवारी २०२० पासून मेडिकेअर कटिशूलाच्या जुनाट रुग्णास सूचिवेध चिकित्सेचा खर्च देते. ९० दिवसांत १२ बैठका आणि गुण येत असल्यास आणखी ८, वर्षात कमाल २०, अशी तिची मर्यादा आहे. पण परवानाधारक सूचिवेधतज्ज्ञास मेडिकेअरकडे थेट देयक पाठविता येत नाही. तो डॉक्टरच्या देखरेखीखाली असावा लागतो. चायनाटाउनमधील स्वतंत्र चिकित्सक, ज्याच्याकडे वृद्ध आधीपासून जात होता, तो त्यामुळे योजनेबाहेरच राहतो. मान्यता मिळूनही दार उघडत नाही ते असे.

आपल्या गल्ल्यावर

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातील तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तेथील दुकानांतील २६० आशियाई तयार औषधांपैकी ८३ मध्ये वेष्टनावर न लिहिलेली आधुनिक औषधे किंवा शिसे, पारद, सोमल हे जड धातू आढळले. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये जड धातू सापडले, तेव्हा आपल्याकडे जो गदारोळ झाला तो ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. बेल्जियममध्ये तर १९९० च्या दशकात एका चिनी वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची, ॲरिस्टोलोकिया कुळातील, वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाले. आपली ईश्वरी त्याच कुळातील. संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न केवळ द्रव्यगुणाच्या प्रश्नपत्रिकेतला नाही, तो असा रुग्णालयात पोहोचतो. पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांस जड धातूंची तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली. परंतु मुलाकडे निघालेल्या आजोबांच्या बॅगेतून जाणारी सहा महिन्यांची औषधे निर्यातीत मोडत नाहीत.

हे आजोबा आपल्याकडूनच औषध घेऊन जातात. तेथे उतरताच तेही चिनी वृद्धांच्याच रांगेत उभे राहतात : तीच पाच वर्षांची अट, तोच नातू दुभाषी, त्याच दोन औषधपेट्या. तेथील डॉक्टरने ‘ही भुकटी कसली?’ असे विचारले तर सांगणार कोण? बिनवेष्टनाच्या पुड्यांतील चूर्ण, नाव नसलेल्या डबीतील गुटिका, केवळ ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलेला कागद यांतून रुग्णाचे ज्ञापकत्व आपणच काढून घेत असतो.

यासाठी फार काही लागत नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक वृद्धास वैद्याने स्वाक्षरी व नोंदणीक्रमांकासह इंग्रजीत टंकलेली एक चिठ्ठी द्यावी. तीत प्रत्येक कल्पाचे नाव, घटकद्रव्ये वनस्पतिशास्त्रीय नावांसह, रोजची मात्रा, निर्मात्याचे नाव व बॅच क्रमांक असावा. पारद, गंधक, शिसे, सोमल यांपैकी काही असल्यास ते न लाजता लिहावे; रसकल्प शक्यतो सोबत देऊच नयेत. चालू असलेली आधुनिक औषधे त्याच कागदावर खाली लिहावीत, म्हणजे दोन्ही पेट्या एका ठिकाणी दिसतील. ज्येष्ठमध, गुग्गुळ किंवा लसूण असलेले कल्प देताना रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे आपण विचारावेच, आणि उत्तर ‘हो’ असल्यास ते ठळक अक्षरांत नोंदवावे. विक्रेत्यांनी मूळ सीलबंद वेष्टनच द्यावे, सुटी पुडी बांधू नये. चिठ्ठीच्या तीन प्रती काढाव्यात : एक पारपत्राच्या पाकिटात, एक तेथील मुलाकडे आणि एक आपल्या नोंदवहीत.